आबानातली अळी, आजूरातली पाकोळी

आष्टीच्या शाळेत मागच्या भिंतीला टेकायला बंदी होती. ही बंदी हेडमास्तरांनी घातलेली नव्हती, निजाम सरकारच्या तालीम, म्हणजे शिक्षण, खात्याचीही नव्हती. हिसाब शिकवणाऱ्या आमच्या गुर्जींनी ती स्वतःच्या मनाने घातली होती आणि तिला कसलाही कायदेशीर आधार नव्हता. तरी पोरं ती पाळत, आम्ही मास्तर लोक पाळत असू, आणि एकदा शाळा तपासायला आलेले साहेबसुद्धा सावलीत टेकता टेकता दचकून सरळ उभे राहिले होते, कारण गुर्जी लांबून ओरडले होते, "हुजूर, पाठ जरा सांभाळा. तिथं वस्ती हाय."

वस्ती होती हे खरं. काळ्या दगडांची, चुन्याशिवाय रचलेली ती भिंत उत्तरेकडे तोंड करून लिंबाच्या सावलीत उभी होती, आणि तिच्यावर करड्या-हिरव्या खपल्या धरल्या होत्या. आपण काळ्या मसाल्यात दगडफूल घालतो, त्याचंच हे आमच्या मुलखातलं कोरडं, गरीब भावंड. या खपल्या खाऊन एक केसाळ काळी अळी जगते. मोठी झाली तरी गव्हाच्या दाण्याहून फार लांब नाही. पुढे ती आपल्याच अंगाच्या केसांचा विरविरीत कोष करते आणि त्यातून नखाएवढी पाकोळी निघते. आमच्याकडे दिव्यावर येणाऱ्या सगळ्या पतंगांना पाकोळीच म्हणतात आणि झाडूने मारतात. ही दिव्यावर फारशी येत नसे. दिवसभर पंख अंगाभोवती गुंडाळून दगडाला चिकटून बसलेली असे, आणि गुर्जींनी बोट ठेवून दाखवली तरी माणसाला पहिल्या खेपेला दिसत नसे.

मी त्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो. औरंगाबादेहून मॅट्रिक होऊन आलो होतो, आणि आष्टीत पाऊल ठेवल्यापासून आपण इथे चुकून येऊन पडलो आहोत अशा चेहऱ्याने वावरत होतो. हे आधीच सांगून टाकतो. गुर्जींच्या विक्षिप्तपणावर हसणारे खूप भेटतील, मीही पुष्कळ हसलो आहे. पण ही हकीकत त्यांच्या विक्षिप्तपणाने बिघडली नाही, माझ्या शहाणपणाने बिघडली.

गुर्जी तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतील. उंच, वाकलेले, अंगात सरकारी नोकरीची शेरवानी आणि डोक्याला रुमाल. शेरवानीच्या खिशात भिंग आणि चार-पाच काड्याच्या पेट्या. त्या पेट्यांत काड्या कधीच नसत. एकदा हेडमास्तर साहेबांनी बिडी पेटवायला पेटी मागितली आणि गुर्जींनी चुकून दिली. साहेबांनी उघडली तर आत अळी. साहेब हैदराबादकडचे, बोलणं दखनी. शांतपणे पेटी मिटून परत देत म्हणाले, "मास्तर, ये जलती नै." पुढे कितीतरी दिवस शाळेत जो तो हेच वाक्य म्हणून हसत होता.

वर्गात त्यांची एकच ख्याती होती. पोराने गणित सोडवून पाटी पुढे केली की ते उत्तराकडे बघतच नसत. विचारायचे, "ताळा केला का?" बेरीज केली असेल तर वजाबाकी करून बघ, भागाकार केला असेल तर गुणून बघ, आणि मग माझ्याकडे ये. उत्तर बरोबर असून ताळा केलेला नसला तर ते चूक धरत. "बराबर आलं ते तुझं नशीब," म्हणायचे, "हिसाब न्हाई." हा प्रश्न त्यांच्या तोंडात इतका बसला होता की जेवण झालं म्हणून सांगणाऱ्या पाहुण्यालाही ते "ताळा केला का?" असं विचारत.

त्या भिंतीच्या पलीकडे राधामाय राहायची. तिच्या दोन म्हशी होत्या, आणि गवऱ्या थापायला आष्टीत त्या भिंतीसारखी जागा नव्हती. ती बिचारी तिच्या सासूच्या वेळेपासून तिथे थापत आली होती. गुर्जी तिच्या पाया पडायचे बाकी राहिले होते.

"माय, हितं थापू नका. यांचं खाणं जातंय."

"कुणाचं?"

"ह्यांचं." गुर्जींनी भिंग पुढे केलं. तिने भिंग बाजूला सारून त्यांच्याच तोंडाकडे पाहिलं.

"अवो गुर्जी, तुमी एवढे शिकलेले. अळीसाठी बाईला उठिवता व्हय? मंग मी काय पाठीवर थापू?"

शेवटी तोड निघाली. गुर्जींनी तिला स्वतःच्या घराची रस्त्याकडची भिंत दिली. नुकती काकूंनी, म्हणजे गुर्जींच्या बायकोने, पांढऱ्या मातीने पोतारलेली, वर गेरूचा पट्टा ओढलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू दार उघडून बाहेर येतात तो सगळी भिंत गवऱ्यांनी भरलेली. काकू आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, आणि नवव्या दिवशी बोलल्या ते सगळ्या आळीने ऐकलं. गुर्जी मात्र खुशीत होते. मला म्हणाले, "मास्तर, घराला काय, पुन्हा पोतारता येतंय. त्या खपल्या धराया माणसाचा जलम जातोय."

काकूंची आणखी एक तक्रार होती आणि ती मला योग्य वाटायची. अळ्या घरात बरणीत पाळायच्या तर रोज भिंतीवरच्या खपल्या खरवडून आणाव्या लागत, आणि गुर्जींना भिंत खरवडायचं जिवावर येई. म्हणून त्यांनी काकूंच्या मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल उचललं आणि पाण्यात भिजवून अळ्यांपुढे ठेवलं. अळ्यांनी तोंड लावलं नाही. दोन दिवस उपाशी राहिल्या. तिसऱ्या दिवशी गुर्जींनी दगडफूल धुऊन, पुसून, वाळवून परत डब्यात टाकलं. काकूंना ते कळलं त्या दिवशी मी योगायोगाने तिथेच जेवायला होतो.

"अळीला मसाल्याचं चालत न्हाई म्हून तिला ताजं," काकू मला वाढता वाढता म्हणाल्या, "आन् अळीनं टाकलेलं आमाला. भावजी, तुमीच सांगा." मी त्या दिवशी आमटी जरा कमीच घेतली.

हे सगळं कशासाठी, हे गुर्जींनी मला एकदाच सांगितलं, भिंतीपुढे उकिडवे बसून. "आपल्या मुलखात काय हाय म्हून इचारलं तर मानसं काय सांगत्यात? ज्वारी. कापूस. आन् धूळ. हितं जगायला कोण येतंय? पर ही आली न्हाई, ही हितलीच हाय. मला दुसरं काय नको, मास्तर. छापलेली एक ओळ पाह्यजे. ही पाकोळी, आन् म्होरं नाव आष्टी. बस्स."

त्या ओळीसाठी त्यांना मी लागत होतो. इंग्रजी मुलखातल्या एका संग्रहालयात पतंगांचे जाणकार एक साहेब होते. त्यांचं नाव-पत्ता कुठल्याशा जुन्या मासिकातून गुर्जींनी उतरवून घेतला होता. शाळेत इंग्रजी येणारा मी एकटा. ते आमच्या बोलीत सांगत, मी इंग्रजीत लिही. मला ते काम आवडायचं, कारण पत्र लिहिताना मी साहेबाशी बोलतो आहे असं मला वाटे, आणि गुर्जी म्हणजे नुसते मजकूर पुरवणारे.

पहिल्या पत्राला साहेबांचं उत्तर आलं ते खरोखर चांगलं होतं. त्यांनी लिहिलं होतं की अशा दोन पाकोळ्या दिसायला सारख्या आहेत. पंख दोन्हींचे ज्वारीच्या कोंड्यासारखे फिके, दोन्हींच्या कडेला काळ्या ठिपक्यांची ओळ. एक घाटातल्या ओल्या रानातली, माहीत असलेली. दुसरी कोरड्या मुलखातली असावी असा नुसता संशय आहे, कुणी सिद्ध केलेली नाही. पंखांवरून त्या वेगळ्या करता येत नाहीत, अळीवरून येतील. ओल्या रानातल्या अळीच्या पाठीवर पिवळा पट्टा असतो. तुमची अळी बिनपट्ट्याची असेल, आणि तिच्याच पोटची ही पाकोळी आहे हे तुम्ही पाळून दाखवलंत, तर ती वेगळी ठरेल. म्हणून अळी कधी धरली, कोष कधी केला, पाकोळी कधी निघाली, या तिन्ही तारखा लिहून अळीची कात, कोष आणि पाकोळी पाठवा.

गुर्जींनी ते पत्र माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. मग उठून भिंतीकडे गेले आणि मधली सुट्टी संपली तरी तिथेच उभे होते. हेडमास्तर साहेब व्हरांड्यातून म्हणाले, "क्या जी मास्तर, आज दीवार को हिसाब पढ़ा रै क्या?" गुर्जींनी मागे वळून पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते, आणि साहेब हसू आवरून आत गेले. तो माणूस वाईट नव्हता. वाईट कोणीच नव्हतं, हेच तर सांगतो आहे.

पुढचा सगळा पावसाळा त्यांनी तीन बरण्यांपुढे काढला. एका बरणीत एकच अळी, म्हणजे गल्लत व्हायला जागा नाही. बरणीच्या तोंडाला काकूंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, आत खपल्यांसकट दगडाची कपची. मुंग्या चढू नयेत म्हणून तिन्ही बरण्या पाण्याच्या परातीत. रोज सकाळी आंघोळीच्या आधी बघायचं आणि वहीत मांडायचं. आबान महिन्याच्या शेवटी अळ्यांनी कोष केले. आजूरच्या मध्यावर तिन्ही कोषांतून पाकोळ्या निघाल्या. बरोबर वीस दिवस, तिन्ही बरण्यांत. एकाही अळीच्या पाठीवर पट्टा नव्हता. शेवटची पाकोळी निघाली तेव्हा त्यांनी मला वर्गातून बोलावून नेलं, आणि ती लुगड्याच्या तुकड्याला धरून पंख वाळवत होती ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

इथे महिन्यांची गोष्ट सांगायला हवी, कारण आता ती कोणाला ठाऊक नसते. निजामाच्या राज्यात सरकारी साल फसली होतं आणि महिन्यांची नावं इराणी. साल आजूरला सुरू व्हायचं, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि पुढच्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला आबान सरला की संपायचं. आम्ही शाळेत, कचेरीत तेच लिहायचो. गुर्जींना तर इंग्रजी सालाचा रागच होता. "जानेवारीत नवं काय व्हतंय? काय उगवतंय का काय मरतंय? आपलं साल बघा. पाऊस सरला की सरलं. ही पाकोळीबी फसली सालावरच चालती. आबानात कोष, आजूरात पंख. ज्या सालात निजली त्या सालात उठत न्हाई." इंग्रजी साल ते लिहीत नसत आणि दुसऱ्याने लिहिलेलं वाचतही नसत.

पत्र लिहायचं ठरलं तो दिवस माझ्या घाईचा होता. वाटूरला मला मुलगी बघायला जायचं होतं. मामा बैलगाडी जुंपून शाळेपुढे थांबले होते, आणि मी धुतलेलं धोतर सांभाळत बाकावर बसून पत्र लिहीत होतो. पाकोळ्या आधीच तयार होत्या. ज्वारीच्या ताटाच्या भेंडात टाचणीने टोचून सिगारेटच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेल्या, कोपऱ्यात कापराची वडी. गुर्जी वहीतून वाचत होते, मी इंग्रजीत उतरवत होतो. शेवटी तारखांचा तक्ता आला. मी फसली सालात आकडा मिळवून इंग्रजी साल करत गेलो. मामांनी बाहेरून दोनदा हाक मारली.

तक्ता झाला तसं गुर्जी म्हणाले, "ताळा केला का?"

मला ते झोंबलं. मी विशीतला, मॅट्रिक झालेला, मुलगी बघायला निघालेला. मी म्हणालो, "गुर्जी, मी काय तुमच्या वर्गातला पोरगा आहे का? भरवसा नसेल तर दुसरा इंग्रजीवाला बघा."

आष्टीत दुसरा इंग्रजीवाला नव्हता हे मला माहीत होतं. त्यांनी लगेच हात जोडले. "न्हाई, न्हाई, मास्तर. तोंडाला सवय पडली हाय. तुमचा हिसाब बराबरच आसंल." कागद हातात घेऊन त्यांनी लांब धरून पाहिला, उलटसुलट केला आणि म्हणाले, "अक्षर मातर झाक हाय." मग पाकीट चिकटवलं. मी गाडीत बसलो. वाटूरची सोयरीक जमली, ती माझी बायको. तिला हे मी कधी सांगितलं नाही.

उत्तर यायला हिवाळा सरला. डाकवाल्याने पाकीट माझ्या हातात दिलं तेव्हा व्हरांड्यात हेडमास्तर साहेब खुर्चीवर बसले होते आणि गुर्जी वर्ग सोडून धावत आले होते. मी आधी मनात वाचलं. डबा पोचला होता, पण वाटेत टाचण्या निसटून पाकोळ्यांच्या पंखांची पूड झडली होती. पंखांवरून काही सांगता येत नव्हतं. मुंग्यांनी अळीची कातही कुरतडली होती. तेव्हा सगळी भिस्त तक्त्यावर होती. आणि तुमच्या तक्त्याप्रमाणे, साहेबांनी लिहिलं होतं, या पाकोळीने कोषात एक वर्ष आणि वीस दिवस काढले. तिन्ही पाकोळ्यांनी. या जातीत हे अशक्य आहे. एक तर तुमच्या अळ्यांची गल्लत झाली, किंवा तक्ता मागाहून आठवून भरला. अशा नोंदीवर नवी जात आणि नवा मुलूख छापता येत नाही, क्षमा असावी.

एक वर्ष आणि वीस दिवस. मला वाचताक्षणीच कळलं. फसली सालाचं इंग्रजी साल करताना आजूरपासून डिसेंबर सरेपर्यंत पाचशे नव्वद मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढे पाचशे एक्याण्णव. हे राज्यातल्या कुठल्याही कारकुनाला येत होतं. मी सरसकट पाचशे नव्वद मिळवले होते. आजूरची पाकोळी आपल्या जागी राहिली, आणि आबानातला कोष, ज्याला पाचशे एक्याण्णव लागत होते, एक वर्ष मागे गेला.

"काय म्हून राह्यले?" गुर्जी म्हणाले.

"क्या बोलता साहब?" हेडमास्तर म्हणाले.

त्या वेळी सांगितलं असतं तर काय झालं असतं? हेडमास्तर हसले असते. पोरांमध्ये आठ दिवस चर्चा झाली असती. मी दुरुस्तीचं पत्र लिहिलं असतं आणि बहुतेक सगळं मार्गी लागलं असतं. एवढंच होतं. पण तेवढंही माझ्याने झालं नाही. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "साहेब लिहितात, नमुने खराब झाले. आणि... अळ्यांची गल्लत झाली असावी. ही अळी त्या पाकोळीची नाही."

"आन् तारखा?"

"तारखांचं काही लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

गुर्जींनी हातातला खडू शेरवानीच्या खिशात टाकला. मग म्हणाले, "एका बरणीत एकच व्हती की." पुन्हा म्हणाले, "एकच व्हती. पर साहेब म्हन्तोय तर मंग माझीच कुठंतरी गल्लत झाली आसंल." आणि वर्गावर गेले. त्या दिवशी त्यांनी पोरांना गणितं घातली, पाट्या बघितल्या आणि कोणालाही ताळा विचारला नाही. पोरांना सुट्टी मिळाल्यासारखं झालं.

माणूस दुसऱ्याने खोटं ठरवल्यावर भांडतो. गुर्जी भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी स्वतःच्याच डोळ्यांवर संशय धरला. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी पुन्हा बरण्या मांडल्या, पण आता बरणीच्या तोंडाला दोऱ्याच्या सात-आठ गाठी. सकाळी पाहिलेलं त्यांना दुपारी खरं वाटेना. शाळेचा शिपाई, काकू, मी, कोणी दिसेल त्याला बरणीजवळ नेत. "ही कालचीच हाय ना? बघा नीट." एकदा राधामायला पकडलं. ती म्हणाली, "गुर्जी, तुमी रोज बघून राह्यले. मला इचारता व्हय? माझी तर नदरच गेली." ते म्हणाले, "माझीबी गेली, माय."

मी दर खेपेला "हो, तीच आहे" म्हणत असे. तेवढं खरं बोलायला मला काही पडत नव्हतं.

त्या वर्षीही आबानात कोष झाले आणि आजूरात पाकोळ्या निघाल्या. त्यांनी वहीत काहीच मांडलं नाही. लुगड्याचा तुकडा काढून बरण्या भिंतीपाशी नेल्या आणि पाकोळ्या सोडून दिल्या. मी म्हणालो, "गुर्जी, या वेळी पाठवू या. मी तक्ता नीट करून देतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नको मास्तर. पुन्यांदा खोटं ठरायचं बळ न्हाई." मी तक्ता 'नीट' करून देतो म्हणालो, तो शब्द त्यांच्या ध्यानात आला नाही. आला असता तर बरं झालं असतं असं मला त्या वेळीसुद्धा वाटलं होतं.

मग एके दिवशी सकाळी मी शाळेत शिरलो तर मागच्या भिंतीवर गवऱ्या. खालपासून माणसाच्या छातीपर्यंत, ओल्या, पाच बोटं उठलेल्या. राधामायने आधी भीत भीत एक ओळ थापून पाहिली असावी, आणि कोणी काही बोललं नाही म्हणून सगळी भिंत घेतली. मला वाटलं, आता गुर्जी आले की आकाशपाताळ एक करतील. ते आले. छत्री मिटली, भिंतीकडे एकदा पाहिलं आणि वर्गात गेले. पुढे गवऱ्या वाळून निघाल्या, आणि एका मधल्या सुट्टीत पोरं भिंतीला टेकून बसली होती. मी एका पोराच्या थोबाडीत मारली. का मारली ते त्याला कळलं नाही आणि मला सांगता आलं नाही.

पुढे मी बदलून बदनापूरला आलो आणि तिथेच राहिलो. राज्य गेलं, फसली साल गेलं. किती तरी वर्षांनी शेजारी शेतकी खात्यातले एक गृहस्थ राहायला आले, किडामुंग्यांचे जाणते. त्यांना मी ही अळी बोलता बोलता सांगितली, दुसऱ्याची म्हणून. ते म्हणाले, "हो, बिनपट्ट्याची. ही आपल्या कोरड्या मुलखातली वेगळी जात. मान्य आहे आता ती. कोषात वीस-बावीस दिवस असते." मी विचारलं, "पुस्तकात गाव कुठलं दिलंय?" त्यांनी लांबच्या, दुसऱ्याच प्रांतातल्या एका गावाचं नाव सांगितलं. मी ते लक्षात ठेवलेलं नाही.

गुर्जी त्याआधी कधीच गेले होते. मुलीकडे असताना गेले, असं कोणीतरी सांगितलं. मी भेटायला गेलो नव्हतो.

आणखी एक सांगायचं आहे, आणि ते मी शेवटापर्यंत लांबवलं आहे. गुर्जी नोकरीतून उतरून वजिफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर, जायचे होते त्याच्या आदल्या दिवशी दुपारी ते माझ्या रिकाम्या वर्गात आले. बाकावर बसले. शेरवानीचे खिसे सपाट होते.

"मास्तर, त्या साहेबाला एक पत्र लिवायचंय."

मला वाटलं, पुन्हा उमेद धरली. मी कागद घेतला.

"लिवा. ती गल्लत माझी व्हती. अळी मी बराबर वळखली न्हाई. तुमचा वखत खाल्ला, माफी असावी." मी लिहीत होतो. ते खिडकीबाहेर बघत होते. "आन् हेबी लिवा. माझ्यामुळं आमच्या मुलखाला खोटं धरू नका. पुढं हितून दुसऱ्या कुणी काय लिवलं, तर त्येच्यावर भरवसा ठिवा."

वर्गात आम्ही दोघंच होतो. हेडमास्तर नव्हते, पोरं नव्हती, मामांची गाडी नव्हती. कोणाला लाजायचं कारण उरलं नव्हतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी मान खाली घालून लिहीत राहिलो. चांगलं इंग्रजी लिहिलं. एवढं चांगलं पत्र मी आयुष्यात दुसरं लिहिलं नाही.

"तारीख घाला," ते म्हणाले. "साहेबाच्या सालाची."

ताळा केला का, हे त्यांनी विचारलं नाही. पण मी त्या दिवशी केला. मागच्या कोऱ्या कागदावर साल मांडलं, मिळवलं, पुन्हा वजा करून बघितलं, तीनदा. बरोबर आलं. मग ती तारीख घातली आणि सहीसाठी कागद त्यांच्यापुढे सरकवला.